आरेंट फक्त हसवायलाच होता का?

इंग्रज रहस्यकथाकार एडगर वॉलेसच्या कथांवरच्या जर्मन रहस्यपटांत विनोदी नट एडी आरेंट म्हणजे ठिगळासारखा जोडलेला विनोद, असं काहींचं म्हणणं आहे. अर्धं पटतं. १९५९ च्या पहिल्याच 'डेर फ्रॉश मिट डेर मास्के'पासून तो आहे आणि काही ठिकाणी त्याचा गोंधळ खरंच लांबतो. पण एक गोष्ट असं म्हणणारे काढत नाहीत: 'डेर उनहाइमलिखे म्योंख' (१९६५) मध्ये खुनी साधू तोच निघतो! (न पाहिलेल्यांनो, माफ करा, पण साठ वर्षं झाली आता.)

प्रेक्षकांनी त्याला इतकी वर्षं संशयितांच्या यादीतून आपसूक वगळलेलं होतं, त्याचाच हा फायदा. मी हे चित्रपट क्रमाने पाहिले म्हणून तो धक्का बसला. कुणी सुरुवातच याने केली तर काहीच वाटणार नाही. पुढच्याच वर्षी 'डेर बुकलिगे फॉन सोहो'त पुन्हा पाद्र्याच्या वेषातला खलनायक, तेव्हा मात्र मी सावध होतो. १९८७ पासून जर्मन अभिनेता हाराल्ड युन्केबरोबर टीव्हीवर 'हाराल्ड उंट एडी'ची प्रहसनं केली, तिथे तो परत निव्वळ विनोदी. मला मात्र तो साधूच जास्त आवडतो.