डिझेल बर्नरचं नोझल बदलायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची बेकरी आहे, रोटरी ओव्हनला डिझेलचा बर्नर. हल्ली ज्योत पिवळी, लांबट येते, चिमणीतून काळा धूर निघतो आणि मधेच बर्नर लॉकआउट होतो, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो. पोरं लगेच रीसेट दाबत सुटतात. त्यांना ओरडून थांबवलंय, कारण न जळलेलं डिझेल आत साठलं तर भडकाच उडायचा!

मेन स्विच आणि डिझेलचा कॉक बंद करून, ओव्हन गार झाल्यावर नोझल (डिझेल फवारणारं टोक) काढलं. टोकावर काजळीचा कडक थर. तारेने कोरणार नाही, भोक बिघडलं की फवारा वाकडा. नवीनच घेणार.

जुन्यावर १.५० आणि फवाऱ्याचा कोन ६० अंश दिसतं, पुढचं फवाऱ्याच्या प्रकाराचं अक्षर पुसलंय. दुकानदार म्हणतो, "कुठलंही लावा, चालतं." मला काही पटत नाही. फवारा पोकळ होता की भरीव, हे आता कसं कळणार? १.५० म्हणजे तासाला १.५० अमेरिकन गॅलन, तेही ७ बार दाबाला. आमचा पंप १० बारवर, म्हणजे तासाला जवळपास पावणेसात लिटर. तरी नवीन नोझल १.५० चंच घ्यायचं ना?

आणि ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडची टोकं नोझलपासून किती पुढे, किती वर ठेवता? बर्नरचं पुस्तक हरवलंय. मिरज-सांगलीकडचा जाणकार मेकॅनिक असेल तर तेही सांगा.