मदत हवी आहे: आयर्लंडमध्ये पबची नोकरी, २० तासांची मर्यादा आणि पाकिटातले पैसे

नमस्कार मंडळी,

गॉलवेत मास्टर्स करतोय, स्टँप २ वर (म्हणजे विद्यार्थ्यांच्या निवास परवान्यावर) आहे. ऑक्टोबरपासून इथल्या एका पबमध्ये पार्टटाइम लागलोय. आधी नुसते ग्लास गोळा करायचो, टेबलं पुसायचो. नाताळच्या गर्दीत काउंटरमागे उभं केलं, ते आजतागायत.

काम आवडतं, हे आधीच सांगतो. काउंटरच्या टोकाला रोज एक आजोबा बसतात. त्यांना पहिली गिनेस (इथली काळी बिअर) मी एका दमात काठोकाठ भरून दिली. ते काही बोलले नाहीत. दोन बोटांनी ग्लास परत सरकवला आणि टीव्ही बघत बसले. मग सोबतच्या मुलीने शिकवलं: ग्लास ४५ अंशात तिरका धरायचा, पाऊण भरला की ठेवून द्यायचा आणि जवळजवळ दोन मिनिटं हात लावायचा नाही. गढूळ तपकिरीतून काळा रंग खालून चढत येतो, वर साय धरते, मग ग्लास सरळ धरून उरलेला भरायचा. आता मी दिसलो की आजोबा नुसतं बोट उचलतात.

अडचण मॅनेजरची आहे. १५ डिसेंबर ते १५ जानेवारी आम्हाला आठवड्याला ४० तास चालतात, तेव्हा मी भरपूर शिफ्ट केल्या. त्याला सवय लागली. आता टर्म चालू आहे, मर्यादा २० तास. तरी रोस्टरवर २६-२८ तास येतात. वीस तासांची पेस्लिप, वरचे रोख, पाकिटात, ताशी १० युरोने. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून १४.१५ आहे! फेब्रुवारीत दोनदा मी ते पाकीट घेतलं. भाडं थकलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्याला सांगितलं की वीसच्या वर नको. तो 'ग्रँड, ग्रँड' (म्हणजे 'ठीक, ठीक') म्हणाला आणि पुढचं रोस्टर पुन्हा तसंच. आता सेंट पॅट्रिक्स डे, १७ मार्च, मंगळवारी आलाय. म्हणजे शुक्रवारपासून पाच दिवस पब ओसंडून वाहणार. 'त्या आठवड्यात तू पाहिजेसच' असं त्याने बजावलंय. (इकडे 'आय विल, येह' म्हणजे चक्क 'नाही' असतं म्हणे. तेच म्हणून बघावं का?)

माझे प्रश्न:

शिफ्ट न गमावता ठाम नकार कसा द्यायचा? मेसेजवर लेखी दिलं तर बरं का, की त्याने आणखी बिनसेल?

ती दोन पाकिटं निवास परवान्याचं कार्ड रिन्यू करताना किंवा पुढे स्टँप १जी (शिक्षणानंतर नोकरीसाठी राहायचा परवाना) घेताना आडवी येतील का? कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे?

रविवारच्या कामाचा जादा मोबदला, तो ताशी दरात आधीच धरलेला नसेल तर, कायद्याने द्यावा लागतो, पण माझ्या पेस्लिपवर तशी ओळच नाही. वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे (कामगारांच्या तक्रारी ऐकणारी इथली सरकारी संस्था) सहा महिन्यांत तक्रार करता येते, एवढं वाचलंय. विद्यार्थी असताना कोणी केली आहे का? मी स्वतःच मर्यादा मोडलेली असताना तिकडे जाणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा तर नाही ना?

'घरच्यांशी बोल' हा सल्ला कृपया नको. बाबा माळकरी आहेत, त्यांना मी 'हॉटेलात' आहे एवढंच ठाऊक आहे.

पुढचं रोस्टर रविवारी रात्री लागतं. त्याआधी कोणी लिहिलंत तर फार बरं होईल.