मदत हवी आहे: दोरीवरच्या उड्यांसाठी दोरी कोणती घ्यावी, आणि नडग्या दुखायला लागल्यात त्याचं काय करावं?

गच्चीवरचा (धागाकर्ता)

नमस्कार. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो, वर मोकळी गच्ची आहे. दोरीवरच्या उड्या सुरू करून तीन आठवडे झाले आणि आता अडलोय. आधी सगळे आकडे देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

वय ४१, उंची १६८ सेंमी (साडेपाच फूट), वजन ८४ किलो. बीपी, शुगर नाही, तपासून घेतलंय. दोरी म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक स्टीलची तार, मुठीत बेअरिंग, मुठी सोडून लांबी २८५ सेंमी. जागा गच्चीचा कोबा, चांगलाच खरखरीत. पायात पळायचे बूट. वेळ संध्याकाळी साडेसहा. रोज ५०० उड्या, आठवड्यातून सहा दिवस.

अडचणी अशा:

१. सलग १५-२० उड्यांच्या पुढे जात नाही. दोरी बुटाच्या टोकाला अडकते. लांब दोरी असूनही अडकते, हे कळत नाही.
२. तारेवरचं आवरण मधोमध घासून गेलं, आतली तार दिसायला लागली. चिकटपट्टी लावून चालेल का?
३. चार दिवसांपासून दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वरच्या भागात दुखतंय. सुरुवातीला जास्त, अंग गरम झालं की कमी, सकाळी जिना उतरताना पुन्हा जाणवतं.
४. खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार आलीय.

नवी दोरी घ्यायची तयारी आहे. नेमकी कोणती घेऊ?

---

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. २८५ सेंमी तुमच्या उंचीला फार लांब आहे. नवशिक्यासाठी उंची अधिक ९० सेंमी पुरे, म्हणजे तुम्हाला साधारण २५८. हात बसल्यावर उंची अधिक ७५ पर्यंत खाली या.

लांब दोरीने अडकायला होतं, कारण जास्तीची लांबी कुठेतरी लपवावी लागते. माणूस नकळत कोपरं बरगड्यांपासून लांब नेतो आणि हात पसरतो. हात पसरले की कमान रुंद होते आणि खालचं टोक वर उचललं जातं. दमल्यावर हात आणखी पसरतात आणि विसाव्या उडीला दोरी बुटाला लागते. हात जवळ ठेवले तर उलटं होतं. दोरी पायांच्या बरीच पुढे जमिनीवर आपटते, उसळते आणि वर येताना बोटांना लागते. दोन्हीकडून अडचणच.

मोजायची पद्धत: ज्या बुटात उड्या मारता तेच बूट घालून एक पाय दोरीच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि दोन्ही मुठी ताणून वर घ्या. दोरी मुठीत शिरते ते टोक काखेपर्यंत यावं. खांद्याच्या वर गेलं तर दोरी लांब आहे. छातीच्या मध्यापर्यंतच आलं तर ती सराव झालेल्यांची लांबी, तुम्हाला इतक्यात नको.

कापायची घाई करू नका. आधी मुठीलगत गाठ मारून दोन दिवस खेळून बघा, मग दोन्ही टोकांकडून सारखं, एका वेळी पाच सेंटीमीटरच कापा. एकाच बाजूने कापत गेलात तर आधीच घासलेला मधला भाग सरकतो आणि दोरी जमिनीला दुसऱ्याच जागी लागते.

---

कोबा_फरशी

आवरण गेलेली तार आजच टाकून द्या. चिकटपट्टी लावाल तिथे फुगवटा येतो, वजन एका जागी साचतं, दोरी झोले खाते आणि पट्टी दोन दिवसांत फाटते. त्याहून वाईट म्हणजे तारेचा एक पदर सुटला की तो पोटरीला ब्लेडसारखा लागतो.

कोब्यावर तारेची दोरी टिकणार नाही, ती कितीही महाग असो. अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या दोरीवर आवरण किती पातळ असणार? ती गुळगुळीत लाकडी जमिनीसाठी, रबराच्या मॅटसाठी, एका उडीत दोनदा दोरी फिरवणाऱ्यांसाठी आहे. शिवाय ती इतकी हलकी की फिरताना कुठे आहे ते हाताला कळत नाही. शिकणाऱ्याला नेमकं तेच कळायला हवं.

तुम्ही पाच मिलिमीटरची भरीव पीव्हीसी दोरी घ्या. भरीव हा शब्द दुकानात मुद्दाम उच्चारा. पोकळ नळीची दोरी हलकी असते, वाऱ्यात डोलते आणि मुठीजवळ दुमडून चिरते. दुकानातच एक तपासणी करा: मूठ स्थिर धरून दोरी गोल फिरवा. दोरी मुठीत मोकळी फिरली पाहिजे. स्वतःभोवतीच वेणीसारखा पीळ घेत असेल तर ठेवून द्या. मिनिटाला १२० उड्यांसाठी बेअरिंग लागत नाही, साधी प्लास्टिकची बुशही (दोरी फिरायला मुठीत बसवलेली छोटी नळी) पुरते. बेअरिंग असेलच आणि धुळीने कुरकुरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, जास्त नको, तेलावर धूळ बसते.

नवी पीव्हीसी दोरी वेटोळ्याची सवय घेऊन येते. दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, ओढून सरळ करा, मधोमध खुंटीला टांगा. गच्चीवर उन्हात मात्र कधीच सोडू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पीव्हीसी आधी मऊ पडते, पुढे कडक होऊन तडकते.

---

टिकटिक

माझं मत मण्यांच्या दोरीला. नायलॉनच्या दोरीत इंच-इंच लांबीचे प्लास्टिकचे मणी ओवलेले असतात. वजनामुळे कमान मोडत नाही, जून-जुलैच्या वाऱ्यातही आकार टिकतो, आणि जमिनीला लागताना जो टिक्‌ आवाज येतो त्यावर उडीचा ताल बसतो. कोब्याने मणी फुटला तर तेवढाच बदलता येतो. शिकायला याहून चांगली दोरी नाही.

---

कोबा_फरशी

ताल पटकन बसतो हे खरं आहे. पण यांच्या खाली लोक राहतात आणि तक्रार आधीच आलेली आहे. कोब्यावर मण्यांचा आवाज स्लॅबमधून सरळ खाली जातो. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उड्या मारायच्या असतील तर मण्यांचीच घ्या, गच्चीवर पीव्हीसी.

आवाजाचं मोठं कारण मात्र दोरी नाही, टाच आहे. चवड्यावर हलकं उतरलं तर आवाज जेमतेम येतो. खाली 'धप' ऐकू जात असेल तर टाच आपटतेय. आणि मॅट घालाच: रबराची, आठ ते दहा मिलिमीटर, दोरीही मॅटवरच लागेल इतकी लांबरुंद. योगासनाची मॅट नको, ती पायाखाली सरकते आणि तिच्या मऊपणात घोटा डगमगतो. आपल्याकडे घरोघरी चादरी असतात म्हणून जाड चादरीची घडी घालून त्यावर उड्या मारणारे बरेच दिसतात. तेही नको. घडी सरकते आणि दोरी सुरकुतीत अडकते.

घरात हॉलमध्ये करायचा विचार असेल तर आधी छताच्या पंख्याकडे बघा. दोरी डोक्याच्या वर फूटभर जाते.

---

पोटरी

नडगीबद्दल लिहितो, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. दोरी बदलून ती जाणार नाही.

आधी तपासणी. बोटाने नडगीची आतली कडा वरून खाली दाबत या. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल तर तो हाडाच्या कडेवर आलेला ताण आहे, तुमच्या वर्णनावरून हेच वाटतं. पण एकाच बोटाएवढ्या जागी टोचल्यासारखं दुखत असेल, आडवं पडल्यावरही ठणकत असेल किंवा एका पायावर हलकी उडी मारताना कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग उड्या पूर्ण बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. पहिल्या दिवसांत ही चीर साध्या एक्सरेत दिसत नाही असंही होतं, तेव्हा एक्सरे चांगला आला तरी दुखणं राहिलं तर पुन्हा दाखवा.

हे का झालं ते तुमच्या हिशेबात आहे. शून्यावरून एकदम आठवड्याला ३००० उड्या. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, त्यामुळे आपल्याला जमतंय असं वाटतं. हाडाला आणि टाचेवरच्या शिरेला तयार व्हायला महिने लागतात. त्यांना मधला दिवस सुट्टीचा हवा असतो आणि तुम्ही सहा दिवस सलग मारत होतात.

आता सात ते दहा दिवस उड्या बंद. चालणं, सायकल चालेल. दुखऱ्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. जिना उतरताना आणि जागच्या जागी दहा हलक्या उड्यांना (दोरीशिवाय) काहीच दुखलं नाही की सुरू करा, त्याआधी नाही.

या दिवसांत, दुखत नसेल तर, एक व्यायाम नेमाने करा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर उचला आणि तीन सेकंद घेत खाली सोडा. बारा वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा थोडे वाकवून. वाकवल्यावर पोटरीचा खोल स्नायू काम करतो आणि उड्यांचा मोठा भार तोच उचलतो.

परत सुरू करताना दोरी २० सेकंद, विश्रांती ४० सेकंद, अशा १० फेऱ्या. मिनिटाला १२० च्या वेगाने ४०० उड्या होतात. आठवड्यातून तीनच दिवस. असे दोन आठवडे. मग ३० सेकंद दोरी, ३० विश्रांती, १० फेऱ्या, पुन्हा दोन आठवडे. त्यानंतर फेऱ्या दोन-दोनने वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी बोलली तर एक पायरी मागे.

उडी कशी? जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर. दोरी पाच मिलिमीटर जाड आहे, तिला तेवढी जागा भरपूर. चवड्यावर उतरा, मग टाच जमिनीला नुसती टेकल्यासारखी टेकू द्या. गुडघे किंचित सैल. टाचा मागे ढुंगणाकडे उडवू नका, गुडघे पोटाकडे ओढू नका. कोपरं बरगड्यांजवळ, मुठी कमरेच्या किंचित पुढे, फिरवायचं मनगटाने. दंडातून फिरवलं तर दोन मिनिटांत खांदे भरून येतात आणि हात पसरायला लागतात, म्हणजे मोजपट्टी यांनी सांगितलेलं सगळं पुन्हा सुरू.

ताल बसत नसेल तर दोन्ही मुठी एकाच हातात धरून दोरी बाजूला फिरवा आणि दोरी जमिनीला लागायच्या किंचित आधी उडी घ्या. दोन्ही हातांनी तीस-तीस वेळा.

आणखी एक, संध्याकाळी साडेसहा ही वेळ बदला. उन्हाळ्यात स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि अंधार पडल्यावरही उष्णता सोडत राहतो. सकाळी सातच्या आत उरका.

---

गच्चीवरचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. दाबून बघितलं, चार बोटांच्या पट्ट्यात दुखतं, एका जागी नाही. उड्या थांबवल्यात. दोन शंका. हजार उड्यांनी किती कॅलरी जातात? आणि पळायचे बूट चालतील का?

---

पोटरी

मिनिटाला १२० च्या वेगाने हजार उड्या म्हणजे सव्वाआठ मिनिटं. ८४ किलोच्या माणसाला त्यात साधारण १४० ते १५० किलोकॅलरी लागतात. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत याहून थोड्या जास्त असतात, आणि शेंगाचटणीतल्या २० ग्रॅम शेंगदाण्यांत ११० च्या आसपास. तेव्हा वजनाचा हिशेब ताटातच करा. दोरी दम, पोटऱ्या आणि पायांची चपळाई यांसाठी ठेवा, त्यात ती फार चांगली आहे.

बूट चालतील, पण टाचेला जाड आणि चवड्याला पातळ असे असतील तर उपयोग कमी. गादी चवड्याखाली हवी. बॅडमिंटनचे सपाट तळाचे बूट उत्तम. अनवाणी नको, निदान पहिले तीन महिने.

---

मैदान१६००

धाग्यात घुसतोय, माफ करा. धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटरसाठी पळण्याऐवजी दोरी चालेल का?

---

पोटरी

पळण्याऐवजी नाही. १६०० मीटरला लागणारा वेगाचा अंदाज पळूनच येतो. पळण्याआधी एक-एक मिनिटाच्या तीन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, एवढीच दोरी द्या. १०० मीटर आणि गोळाफेकीच्या दिवशीही तेवढीच. सोलापूरच्या होम मैदानासारखी घट्ट मातीची जागा कोब्यापेक्षा बरी. सुट्या वाळूत नको, दोरी वाळू उडवते आणि पाय रुततो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेमुळे मैदान भरलेलं असतं, तेव्हाची जागा आधीच बघून ठेवा.

---

गच्चीवरचा (धागाकर्ता)

पाच मिलिमीटरची भरीव पीव्हीसी आणली. मुठी सोडून २७५ सेंमी भरली. मुठीत आतून गाठ आणि वॉशर आहे. किती कापू?

---

मोजपट्टी

१७ सेंटीमीटर जास्त आहे, पण आज काहीच कापू नका. दोन्ही मुठींच्या बाहेर, मुठीला चिकटून एकेक साधी गाठ मारा. पाच मिलिमीटरच्या दोरीची एक गाठ पाच-सहा सेंटीमीटर खाते, म्हणजे २६४ च्या आसपास याल. नडगी बरी झाल्यावर पहिला आठवडा तसंच खेळा. हात जवळ ठेवूनही दोरी पायांपुढे आपटत असेल तर गाठी सोडा, वॉशर काढा आणि दोन्ही टोकांकडून आठ-आठ सेंटीमीटर, दोन टप्प्यांत कापा. वॉशरच्या आतली गाठ मारायला लागणारी दोरी त्या मोजमापात धरू नका, ती वेगळी सोडा, नाहीतर दोरी आखूड होईल. कापलेलं टोक मेणबत्तीवर दोन सेकंद धरून गोल करून घ्या, म्हणजे ते मुठीच्या भोकातून न अडखळता जाईल.