मेडिकल ट्रान्सक्रिप्शन आता शिकावे का?

नाशिककर:
माझ्या भाचीने जीवशास्त्रात पदवी घेतल्यावर मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे डॉक्टरांनी बोलून ध्वनिमुद्रित केलेल्या रुग्णांच्या नोंदी ऐकून टाइप करण्याच्या, सहा महिन्यांच्या वर्गाची चौकशी केली आणि ‘घरबसल्या अमेरिकेचे काम’ हे वर्गचालकाचे वाक्य ऐकून ती भारावून गेली आहे. तिने फीचे पैसे वाचवावेत, असे माझे मत आहे. १९९०च्या दशकात हे काम भारतात आले ते दोन कारणांनी. तिकडच्या डॉक्टरांचे डिक्टेशन संध्याकाळी संपते तेव्हा आपल्याकडे दिवस उजाडत असतो, आणि आपली मजुरी तिथल्या मानाने स्वस्त आहे. यांपैकी एकाही कारणाचा कौशल्याशी संबंध नाही, म्हणूनच ते टिकण्याची हमीही नव्हती. २००९च्या हायटेक कायद्याने अमेरिकेतील डॉक्टरांना इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवण्यासाठी अनुदान देऊ केले आणि त्यांच्यातले बरेच जण ठरावीक साच्यांत स्वतःच नोंदी भरू लागले. पुढे आवाज ओळखून मजकूर लिहिणारी सॉफ्टवेअर आली. त्या क्षेत्रातील न्युआन्स ही कंपनी २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने ताब्यात घेतली, आणि आता रुग्ण व डॉक्टर यांचे बोलणे ऐकून थेट मसुदा करणारी यंत्रणा बाजारात आहे. अशा वेळी या वर्गाला जाणे म्हणजे निघून गेलेल्या गाडीचे तिकीट काढणे होय.

पेडलवाली:
कौशल्याशी संबंध नाही, असे म्हणण्यापूर्वी आपण एकदा हेडफोन लावून बसावे. मी अकरा वर्षे हे काम केले आहे. शल्यचिकित्सक चालता चालता बोलत असतो, मागे ट्रॉलीची चाके खडखडत असतात आणि तो ‘आयलियम’ म्हणतो. इंग्रजीत एकाच उच्चाराचे हे दोन शब्द आहेत, एक लहान आतड्याच्या शेवटच्या भागासाठी आणि दुसरा कमरेच्या हाडासाठी. पायाखालचे पेडल दाबून तीच चार सेकंदे पुन्हापुन्हा ऐकली तरी कानाला काही उलगडत नाही. पुढे आतडे जोडल्याचा उल्लेख येतो तेव्हा कुठे स्पेलिंग ठरते. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ हे कळले नाही, तर औषधाची मात्रा अंदाजाने लिहायची नाही. जागा रिकामी सोडून ध्वनिफितीतील वेळ नोंदवायची, हा आमचा पहिला धडा. यंत्र मात्र जागा रिकामी सोडायला नाखूष असते; चुकीचा शब्दही ते बरोबर शब्दाच्याच ठामपणाने छापते. तो पकडायला माणूस लागतोच.

नाशिककर:
माणूस लागतो हे मान्य, पण त्याला पैसे कशाचे मिळतात? ओळीचे. मोकळ्या जागा धरून पासष्ट अक्षरांची एक ओळ, असा या धंद्यातला रूढ हिशेब आहे. चार सेकंदे दहा वेळा ऐकण्यात गेलेला वेळ त्यात कुठेच धरला जात नाही. यंत्राचा मसुदा तपासायचा असेल तर ओळीचा दर आणखी उतरतो, आणि पडताळणी मात्र शब्दन् शब्दाची करावी लागते. आपण वर्णन केलेल्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, परंतु बाजाराने त्याची किंमत कधी केलीच नाही.

तिसरा आवाज:
नाशिककरांचा मुद्दा मला अधिक पटतो, मात्र दोष यंत्राला देऊ नये. २००३मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यकीय केंद्राला कराचीतील एका महिलेचा ई-मेल आला की, थकलेली मजुरी मिळाली नाही तर रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकीन. चौकशीत दिसले की काम एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असे उतरत तिच्यापर्यंत पोहोचले होते. तिची धमकी समर्थनीय नव्हतीच. तथापि, प्रत्येक पायरीवर कोणी तरी आपला वाटा कापत होते आणि प्रत्यक्ष ऐकणारी व्यक्ती तळाशी होती, ही रचना तेव्हा आवाज ओळखणारे यंत्र मध्ये नसतानाही होतीच.

पेडलवाली:
उपठेक्याबद्दल माझा वाद नाही. तो मीही भोगला आहे. भाचीला मी एवढेच सुचवीन की, वर्गात केवळ टंकलेखन शिकवतात की यंत्राचे मसुदे तपासणे आणि मेडिकल कोडिंगही (निदान व उपचारांना ठरावीक सांकेतांक देण्याचे काम), हे फी भरण्यापूर्वी विचारावे. शरीररचना व औषधांची नावे तिला कोडिंगलाही उपयोगी पडतील. आणि मागच्या तुकडीतील किती जण आज हेच काम करून पोट भरतात, हेही विचारावे. आमच्या विभागात आम्ही चाळीस जण होतो. सहा उरलो आहोत, हे नाशिककरांच्या बाजूने नोंदवून ठेवते.