हुडाची (कापडी छताची) थार जीप नागपुरात घ्यावी की नाही? नीट बोलूया

वर्धा_रोडवाला
काल इथे एकाने लिहिलं, "नागपुरात हुडाची थार घेतली म्हणजे पैसे पाण्यात. मे महिन्यात भट्टी होते." वाचून राहवलं नाही. भट्टी होते ती उन्हात उभी केल्यावर, आणि त्यात काचेचा हात मोठा. समोरून येणारं ऊन डॅशबोर्ड तापवतं आणि ती आग आतच कोंडते. म्हणून काचेला चंदेरी पडदा, हुडाला आतून फॉइलचं अस्तर. पण फॉइल कापडाला चिकटवू नका. मध्ये बोटभर पोकळी राहिली तरच ती उष्णता अडवते. आणि बसल्या बसल्या काचा लावून एसी सुरू करू नका. आधी दोन्ही दारं उघडा, चौकापर्यंत काचा खाली ठेवा, मग हवा आतल्या आत फिरवा. माझी गाडी भर दुपारी चालते.

सदरचा_पोट्टा
भाऊ, 23 मे 2013 ला या शहराचा पारा 47.9 वर गेला होता. त्या उन्हात डोक्यावर काळं कापड? आणि अस्तर लावलं की हुड उघडणार कसं? मग हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छताची, काऊन नाही घेतली?

वर्धा_रोडवाला
नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी हुड उघडतो कोण? अस्तर वेलक्रोवर आहे. पाऊस लागला की काढायचं.

हिंगण्याची_ताई
तुम्ही हुडावर भांडून राहिले, सावलीचं कोणी बोलत नाही. आमच्या ऑफिससमोरचे कडुनिंब सिमेंट रोडसाठी गेले. आधी गाडी त्यांच्याखाली राहायची. आता संध्याकाळी स्टिअरिंगला ओला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही.

पक्का_रस्ता
सगळं सिमेंटवर ढकलू नका. डांबर काळं, ऊन तेच जास्त पितं. सिमेंट परतवतं.

हिंगण्याची_ताई
परतवतं ते कोणाच्या तोंडावर? दुपारी दोनला मोपेडवर निघा, मग सांगा. बुंध्याला लागून काँक्रीट ओतलं तर मुळांना पाणी कुठून मिळणार? जी झाडं तोडली नाहीत, तीही वाळून राहिली. चौकात सावलीसाठी हिरवी जाळी बांधायची वेळ आली ती उगाच नाही.

पक्का_रस्ता
बुंध्याभोवती माती सोडायला पाहिजे, एवढं मान्य. पण तो दोष काम करणाऱ्याचा, सिमेंटचा नाही. दरवर्षी पावसाळ्यात डांबरातले खड्डे मोजत बसायचं काय?

हिंगण्याची_ताई
खड्डा बुजवता येतो. तीस वर्षांचं झाड कुठून आणणार?

कुशनवाला
ताईंचं खरं आहे, पण मूळ विषयावर येतो. हुड शिवणं माझा धंदा. कापड बदलायचंच असेल तर खाकी घ्या, काळ्यापेक्षा कमी तापतं. मागची प्लास्टिकची खिडकी भर उन्हात गुंडाळू नका. ती तेव्हा मऊ असते, घडी पडली की जात नाही. कोरड्या फडक्याने पुसू नका, धुळीचे ओरखडे पडतात. आणि काचेवरच्या काळ्या फिल्मच्या नादी लागू नका. समोरच्या आणि मागच्या काचेतून 70 टक्के, बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड यायलाच हवा, नाहीतर चलान ठरलेलं.

सदरचा_पोट्टा
ठीक, उभ्या गाडीचं पटलं. चालत्या गाडीचं नाही. बुटीबोरीपर्यंत जाताना डोक्यावरून झळ येतेच.

वर्धा_रोडवाला
रविवारी दुपारी बसा माझ्या गाडीत, बुटीबोरीलाच जाऊ. थर्मामीटर तुमचा आणा.

सदरचा_पोट्टा
येतो. पण निघायच्या आधी गाडी दोन तास उन्हात उभी पाहिजे.