मदत हवी आहे: खासदारांनी आमच्या फाटकाचा प्रश्न संसदेत मांडला का, हे कुठे बघायचं?

फाटकापलीकडचा:
चार दिवस झाले शोधतोय, हाती काही लागत नाही. आमच्या खासदारांच्या कार्यअहवालात फोटोखाली ठळक छापलंय, 'रेल्वे फाटकाचा प्रश्न संसदेत मांडला.' त्यावरून गावात दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात शुद्ध थाप, निम्मे म्हणतात साहेब बोलले होते. रविवारी बैठक आहे आणि मला तिथे तोंडी काही सांगायचं नाही, कागद ठेवायचा आहे. संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या पानावर नाव टाकलं, मंत्रालय रेल्वे निवडलं, एकही नोंद नाही. नेमकं कुठे बघू तेवढं सांगा. राजकारणावर चर्चा नको, वेळ नाही.

शिरस्तेदार:
लोकसभेचे की राज्यसभेचे? मंत्री आहेत का? मंत्री असतील तर शून्यच दिसणार. मंत्री उत्तरं देतात, स्वतः प्रश्न विचारत नाहीत. हजेरीपटावर त्यांची सहीसुद्धा नसते.

फाटकापलीकडचा:
निवडून आलेले आहेत म्हणजे लोकसभाच ना. मंत्री नाहीत, कधीच नव्हते.

शिरस्तेदार:
राज्यसभेचेही निवडूनच जातात, फक्त मतं आमदार देतात. आपल्या राज्यातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ जण जातात, दोन्ही सभागृहांची पानं वेगळी. चुकीच्या पानावर आठवडाभर शोधणारे पाहिलेत, म्हणून विचारलं.

मोजमाप:
सरळ पीआरएसच्या, म्हणजे संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या खासगी अभ्याससंस्थेच्या, संकेतस्थळावर जा. प्रत्येक खासदाराचं पान आहे. हजेरी, चर्चा, प्रश्न, खासगी विधेयकं, आणि शेजारी राज्याची व देशाची सरासरी. मी दर अधिवेशनानंतर आमच्या खासदारांचे आकडे वहीत उतरवतो. हजेरी सरासरीच्या खाली गेली की त्यांच्या कार्यालयात पत्र टाकतो. एकदा उत्तरही आलं होतं.

कृष्णाकाठ:
मोजमाप, आकड्यांवर एवढी भिस्त ठेवू नका. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तोंडी उत्तर फक्त तारांकितांना, आणि तासाभरात त्यातले मोजकेच होतात. कुणाचा प्रश्न लागणार ते सोडतीवर. शिवाय एकाच प्रश्नावर कितीतरी वेळा चार-सहा नावं असतात आणि प्रत्येकाच्या खात्यात एक प्रश्न जमा होतो. उलट एखादा खासदार स्थायी समितीत, म्हणजे मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या समितीत, दिवसभर बसून अधिकाऱ्यांना घाम फोडतो, ते तुमच्या वहीत येतं का? समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. कोण हजर होतं हे बघायला अहवालाला जोडलेली इतिवृत्तं उघडावी लागतात, आणि ती कुणी उघडत नाही.

मोजमाप:
समितीचं मान्य. पण म्हणून प्रश्नांची किंमत कमी होत नाही. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, खाली जोडपत्रात राज्यवार, कधी जिल्हावार तक्ते असतात. आमच्या रस्त्याला मंजूर झालेली रक्कम मला अशाच एका जोडपत्रात मिळाली. ठेकेदार वेगळाच आकडा सांगत होता.

फाटकापलीकडचा:
दोघांनाही हात जोडून विनंती, हे नंतर. पीआरएसवर पाहिलं. प्रश्न आहेत, शेतीचे आहेत, टपालाचे आहेत. फाटकाचा नाही. मग थापच समजू का?

कलम६:
माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी आजवर अशीच माहिती काढली आहे. संकेतस्थळं चाळत बसण्यापेक्षा सही-शिक्क्याचा कागद बरा.

फाटकापलीकडचा:
रविवारी बैठक आहे. ३० दिवस कुठून आणू?

कृष्णाकाठ:
आणि संसदेचं कामकाज आधीच छापलेलं, सगळ्यांना खुलं आहे. त्यासाठी अर्ज कशाला? अर्ज जिथे दार बंद आहे तिथे.

पाणंदवाट:
मला वाटतं तुम्ही खासदार निधी बघा. वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२१ ही योजना बंद होती, तो काळ सोडून हिशेब करा. खासदार फक्त काम सुचवतात, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. २०२३ पासून ई-साक्षी नावाच्या प्रणालीवर त्याची नोंद होते. आमच्या गावच्या सभागृहाचं काम कुठे अडलं ते तिथेच कळलं.

फाटकापलीकडचा:
ताई, निधीचं विचारलंच नाही हो मी.

जुनी_प्रतिवेदक:
मी बरीच वर्षं विधिमंडळात प्रतिवेदक होते, सभागृहात बोललेला शब्द न् शब्द उतरवून घेणं हेच काम. तुम्ही घाईत आहात म्हणून आधी उत्तर: प्रश्नांच्या पानावर शोधू नका.

आपण 'फाटकाचा प्रश्न' म्हणतो तो फाटकाची अडचण या अर्थी. सभागृहाच्या लेखी प्रश्न म्हणजे मंत्र्याला रीतसर सूचना देऊन विचारलेला, क्रमांक पडलेला, तारांकित किंवा अतारांकित. त्यामुळे 'प्रश्न विचारला' आणि 'प्रश्न मांडला' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. अहवालात 'विचारला' असतं तर तो यादीत सापडायलाच हवा होता. 'मांडला' म्हटलंय तर शून्य प्रहर (प्रश्नोत्तरांच्या तासानंतर तातडीचे विषय मांडायची वेळ) बघा, लोकसभेच्या नियम ३७७ खालचे, म्हणजे लेखी सूचना देऊन मांडलेले, विषय बघा, रेल्वेच्या अनुदान मागण्यांवरची, म्हणजे खर्चाच्या मंजुरीवरची, चर्चा बघा. नुसतं मंत्र्यांना भेटून निवेदन दिलं असेल तर कामकाजात त्याची नोंद नसते, मग फोटो संसद भवनाच्या दारातला का असेना.

आता मला दोन गोष्टी सांगा. फोटोत काय आहे? आणि कार्यअहवाल कोणत्या वर्षाचा?

फाटकापलीकडचा:
फोटोत बाकापाशी उभं राहून बोलतायत. अहवाल २०२३ चा.

शिरस्तेदार:
अहो, मग ही सतराव्या लोकसभेची गोष्ट झाली! जून २०२४ पासून अठरावी सुरू आहे. संकेतस्थळ उघडलं की चालू लोकसभाच समोर येते. वर क्रमांक बदलून १७ करा आणि मग शोधा. पहिल्याच पोस्टमध्ये वर्ष लिहिलं असतं तर चार दिवस वाचले असते.

फाटकापलीकडचा:
दोन्ही वेळा तेच निवडून आले, म्हणून वाटलं सगळं एकाच पानावर असेल. बघतो.

दुपारची_चहावेळ:
चित्रफीतच शोधा ना, कुणी नाकारू शकणार नाही. संसद टीव्ही २०२१ मध्ये सुरू झालं, त्यानंतरचं कामकाज यूट्यूबवर आहे. बैठकीत प्रोजेक्टर लावून दाखवा.

जुनी_प्रतिवेदक:
शून्य प्रहरात बोलले असतील तर मिळेल. पण नियम ३७७ चे विषय कितीदा तरी वाचलेच जात नाहीत, 'सभागृहाच्या पटलावर ठेवले' असं धरलं जातं. खासदार २५० शब्दांच्या आत मजकूर लिहून देतात आणि तो तसाच कामकाजात छापला जातो. अशा वेळी आवाज नसतो, चित्र नसतं, तरी नोंद अस्सल असते. चित्रफीत नाही म्हणून थाप ठरवू नका.

फाटकापलीकडचा:
सापडलं! रात्री दीड वाजता सापडलं. २०२२ च्या हिवाळी अधिवेशनातलं, नियम ३७७ च्या मथळ्याखाली. हिंदीत एकच परिच्छेद आहे. पहिल्या ओळीत तालुक्याचं नाव, पुढे दोन फाटकांचे क्रमांक. सकाळी शाळेच्या वेळेला गेट बराच वेळ बंद राहतं, रुग्णवाहिका अडकते, असं लिहिलंय. शेवटी रेल्वे मंत्र्यांना विनंती. उजाडल्यावर सायकल काढून फाटकावर गेलो आणि पिवळ्या पाटीवरचा आकडा ताडून पाहिला. दोनातला दुसरा क्रमांक आमचाच.

पण दोन गोष्टी खटकल्या. मजकूर पटलावर ठेवलेला आहे, म्हणजे कार्यअहवालातला उभं राहून बोलतानाचा फोटो दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचा. आणि मागणी उड्डाणपुलाची आहे, भुयारी मार्गाचा शब्दही नाही. गावाने निवेदन दिलं होतं ते भुयारी मार्गाचं.

पाणंदवाट:
देवाची कृपा समजा. भुयारी मार्ग मागूच नका. आमच्याकडे झालाय, जून लागला की कमरेएवढं पाणी. मुलं रुळावरूनच जातात.

दुपारची_चहावेळ:
उड्डाणपुलाला जमीन किती जाते माहीत आहे का? आमच्या चुलत्यांचं अर्धं शेत पोहोचरस्त्यात गेलं. पाणी उपसायला पंप बसवता येतो, गेलेलं शेत परत येत नाही.

पाणंदवाट:
पंप बसवतात हो, चालू कोण करतं? आमचा तीन पावसाळे नादुरुस्त आहे.

मोजमाप:
मूळ मुद्दा राहतोय. पुस्तिकेतलं वाक्य खरं निघालं, एवढं बैठकीत सरळ सांगायला हवं. विरोधातल्या मंडळींना आवडलं नाही तरी.

फाटकापलीकडचा:
सांगणारच आहे. मी त्यांना मत दिलेलं नाही, तरी जे आहे ते आहे. पण त्याच्या जोडीला मागणी वेगळी गेली हेही सांगणार. छापील प्रत काढली आहे, दोन्ही ओळींखाली रेघ मारली आहे. आता एकच विचारतो, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं ते कुठे मिळेल? त्या दिवसाच्या कामकाजात उत्तर नाही.

जुनी_प्रतिवेदक:
तिथे नसणारच. ३७७ च्या विषयावर मंत्री तिथल्या तिथे उत्तर देत नाहीत. उत्तर नंतर पत्राने थेट खासदारांना जातं. म्हणजे ते पत्र त्यांच्या कार्यालयातल्या फायलीत असायला हवं. भांडायला आल्यासारखं न जाता, तारीख आणि विषय लिहिलेला अर्ज घेऊन जा. ही तारीख घेऊन येणारे फार थोडे असतात.

कृष्णाकाठ:
आणि नाही दिलं तर इथे मात्र कलम६ यांचा उपाय बरोबर. हे पत्र काही संकेतस्थळावर नाही.

गावकरी_४८:
आमदारांचंही असंच बघता येतं का? आमच्या आमदारांनी लक्षवेधी लावली म्हणून बॅनर लागलेत चौकात.

शिरस्तेदार:
विधानसभेचं संकेतस्थळ वेगळं, नियम वेगळे. नवा धागा काढा, आणि कृपा करून अधिवेशन आणि वर्ष पहिल्याच ओळीत लिहा.

फाटकापलीकडचा:
उद्या सकाळी खासदारांच्या कार्यालयात जातोय, सोबत पोलीस पाटील आणि शाळेचे एक सर आहेत. पत्र मिळालं तर इथे टाकतो. कलम६, परवा तुमच्यावर चिडलो, मनावर घेऊ नका. रेल्वे मंत्रालयाला अर्ज कसा लिहायचा तेवढा मसुदा द्याल का?

कलम६:
चिडलात ते ठीक, घाई होती. लिहून घ्या, यापेक्षा लांब लिहू नका: 'लोकसभेत अमुक तारखेस नियम ३७७ अन्वये मांडलेल्या, फाटक क्रमांक अमुक आणि तमुक येथील उड्डाणपुलाबाबतच्या विषयावर आपल्या मंत्रालयाने संबंधित सदस्यांना पाठवलेल्या उत्तराची प्रत, आणि त्या विषयावरील फाइलमधील टिपणींच्या प्रती मिळाव्यात.' 'का' आणि 'कधी होणार' असं काही विचारू नका, त्यावर माहिती उपलब्ध नाही म्हणून परत येतं. फक्त कागद मागा. केंद्राच्या मंत्रालयाला अर्ज ऑनलाइन जातो, १० रुपये तिथेच भरता येतात. नोंदणी क्रमांक आला की तो जपून ठेवा.