न्यू जर्सी : आईसाठी मेडिकल मारिजुआनाचं कार्ड काढावं का?

शेवगा_शेंग
आई आमच्याकडे एडिसनला असते, ग्रीन कार्डवर. केमो चालू आहे. सकाळी केलेली पेज संध्याकाळपर्यंत तशीच झाकलेली. नर्स म्हणाली, कार्ड काढा, इथे कायदेशीर आहे. कोणी काढलंय का? घरात अजून बोलले नाहीये. 'गांजा' म्हटल्यावर बाबा काय म्हणतील ते ठाऊक आहे.

घाटमाथा
कॅन्सर राज्याच्या यादीत आहे, कार्ड मिळेल. प्रोग्रॅममध्ये नोंद असलेल्या डॉक्टरने आधी सर्टिफाय करायचं, मग राज्याच्या कॅनबिस (गांजा) कमिशनच्या साइटवर अर्ज. न्यू जर्सीत राहत असल्याचा पुरावा लागतो. 2022 पासून 21 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दुकानात गांजा मिळतोच, पण कार्ड असेल तर सेल्स टॅक्स लागत नाही. आईंना दुकानात जाणं झेपणार नसेल तर तुम्ही केअरगिव्हर म्हणून नाव नोंदवा. इन्शुरन्स दमडी देत नाही. कुंडीत रोप लावायचा विचार असेल तर सोडा, कार्डवाल्यांनाही बंदी आहे.

ताकभात
थांबा जरा! वरचं सगळं बरोबर आहे, पण ते सिटिझनसाठी. ग्रीन कार्डचं काम फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्यावर चालतं आणि तिथे राज्याचं कार्ड काही कामाचं नाही. विमानतळावर ऑफिसरने विचारलं आणि आईंनी सरळपणे 'हो, घेते' म्हटलं, तर तेवढ्यावरून आत घ्यायला अडवू शकतात. आपल्या आया खरं बोलून मोकळ्या होतात! सिटिझनशिपलाही तेच: राज्यात चालत असलं तरी वापर आड येऊ शकतो, असं यूएससीआयएसने (इमिग्रेशन खात्याने) 2019 मध्ये लेखी सांगितलंय.

आधी ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरला) ड्रोनॅबिनॉल या औषधाबद्दल विचारा. गांजातलं मुख्य द्रव्य टीएचसीच आहे, लॅबमध्ये बनवलेलं, कॅप्सूलमध्ये. बाकी औषधांनी न थांबणाऱ्या केमोच्या मळमळीसाठी एफडीएने (अमेरिकेच्या औषध खात्याने) 1985 मध्येच मान्यता दिली. साधं प्रिस्क्रिप्शन, नेहमीची फार्मसी. गुंगी येते, रात्री बाथरूमला जाताना सोबत राहा.

शेवगा_शेंग
बापरे. पुढच्या वर्षी एन-400, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज भरायचा आहे तिचा.

ताकभात
मग इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कार्डाचा अर्जसुद्धा नको. दुकानातल्या गमीजही (गांजा घातलेल्या जेलीच्या गोळ्या) नकोत.

रुमाल_टाकून
आमचे सासरे सिटिझन, त्यांच्याकडे कार्ड आहे. तरी फिलाडेल्फियाला नणंदेकडे जाताना डबी घरीच ठेवतो. पेनसिल्वेनियात मेडिकल चालतं, पण राज्याची हद्द ओलांडून नेणं फेडरल गुन्हा. भारतात तर चुकूनही नेऊ नका.

शेवगा_शेंग
गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, ड्रोनॅबिनॉलचं विचारते. 'कॅप्सूल' म्हटल्यावर बाबांचाही प्रश्न मिटला.